संशोधन होते, संशोधक घडतात का?

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी गरोदर महिला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तपासणीसाठी येते. तिच्या केसपेपरवरील नोंदींतून उद्या एखादा शास्त्रीय निष्कर्ष निघू शकतो, याचे भान फार थोड्यांना असते. मराठवाड्यात रुग्ण आहेत आणि प्रश्नही आहेत. कमतरता आहे ती त्या प्रश्नांना अभ्यासाचे रूप देऊ शकणाऱ्या मनुष्यबळाची. असे मनुष्यबळ कसे उभे राहते, याचे राज्यातील बोलके उदाहरण पुण्यात आहे.

बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले ससून रुग्णालय आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांची भागीदारी दोन दशकांहून जुनी आहे. तिच्या आरंभीच्या मोठ्या अभ्यासांपैकी एकाचा प्रश्न कठीण होता. एचआयव्हीबाधित मातेच्या दुधातून बाळाला संसर्ग होऊ शकतो. पण जिथे पाण्याची खात्री नाही, तिथे वरचे दूधही जिवावर बेतते. मग स्तनपान चालू ठेवून बाळाला वाचवता येईल का? जन्मानंतर नेविरापिनची एकच मात्रा आणि सहा आठवडे रोज मात्रा, अशी तुलना भारत, इथिओपिया व युगांडा येथे करण्यात आली. ‘लॅन्सेट’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहाव्या आठवड्याला संसर्गाचे प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. सहाव्या महिन्याला मात्र ९ आणि ६.९ टक्के हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

या आकड्यांमागे असलेले काम पाठ्यपुस्तकात शिकवले जात नाही. संमतीपत्र मातेला तिच्या भाषेत समजावणे, ती माहेरी गेली तरी तिच्याशी संपर्क राखणे, नमुने ठरलेल्या तापमानात पोहोचवणे आणि तीन देशांतील नोंदी एकाच मोजपट्टीवर आणणे, हे सारे अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिकावे लागते. त्यामुळेच अशा भागीदारीत प्रशिक्षणासाठी स्वतंत्र निधी लागतो. पुण्यातील एचआयव्ही-क्षयरोग प्रशिक्षण कार्यक्रमाला तो अमेरिकेच्या फोगार्टी इंटरनॅशनल सेंटरकडून मिळाला.

पुढे गरोदर एचआयव्हीबाधित महिलांना क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड केव्हा द्यावे, याचा आठ देशांतील ९५६ महिलांवर अभ्यास झाला. पुणे त्यातील एक केंद्र होते. गरोदरपणातच औषध सुरू केलेल्या गटात गर्भपात, मृत जन्म, कमी वजन अशा प्रतिकूल घटनांचे प्रमाण २३.६ टक्के आढळले, तर प्रसूतीनंतर सुरू केलेल्या गटात १७ टक्के. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्थात, भागीदारी म्हणजे बरोबरी नव्हे. नमुने इथले, विश्लेषण तिकडचे आणि शोधनिबंधावर पहिले नावही तिकडचे, असे घडले तर क्षमता तिकडेच वाढते. इथल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला अर्ज भरण्याचे काम येते. शिवाय निधीची दोरी परक्या हाती राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ मे २०२५ रोजी, नवी पद्धत ठरेपर्यंत परदेशी संस्थांना उपअनुदान असलेले प्रस्ताव मंजूर न करण्याचे जाहीर केले, तेव्हा ही दोरी किती कच्ची आहे हे जगभरातील केंद्रांना कळले.

मराठवाड्यातील अडचण याहून घरगुती आहे. घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. ते पूर्वी मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होते. १९९८ मध्ये नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षण त्याच्या छत्राखाली गेले. प्रशासनाच्या दृष्टीने ते सोयीचे झाले. पण जीवरसायन व जैवतंत्रज्ञानाचे विभाग एका विद्यापीठाकडे आणि रुग्ण दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. एकाच शहरातील या दोघांना संयुक्त मार्गदर्शन करायचे, तर आधी दोन विद्यापीठांचे नियम जुळवावे लागतात. बाल्टिमोरशी करार करण्यापेक्षा हे सोपे असायला हवे!

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी एक दार मात्र जुनेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालत आली आहे. दोन महिन्यांच्या अभ्यासासाठी विद्यावेतन देणाऱ्या या योजनेत विद्यार्थ्याला आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शक शोधावा लागतो. बाह्यरुग्ण विभागाची रांग संपवून त्या प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यासाठी किती वेळ उरतो, याची तरतूद योजनेत नाही.