‘कन्व्हर्जन थेरपी’ आणि मैत्री

कन्व्हर्जन थेरपी (व्यक्तीचा लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याचा प्रयत्न) हा एक उपचार आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मुळात इथे आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आणि अपाय होतो. त्यातून येणाऱ्या नैराश्याबद्दल निदान बोलले तरी जाते, मैत्रीवर होणाऱ्या परिणामाबद्दल क्वचितच.

अमेरिकेतील जोसेफ निकोलोसी हे ‘रिपेरेटिव्ह थेरपी’चे (समलैंगिकता ही बालपणातील उणीव मानून ती भरून काढू पाहणारी पद्धत) प्रमुख पुरस्कर्ते होते. वडिलांशी आणि बरोबरीच्या मुलांशी जवळीक न जमणे हे ते समलैंगिकतेचे कारण मानत. अशा विचारात मैत्री हा गृहपाठच होऊन बसतो: ‘योग्य’ पुरुषांशी दोस्ती वाढवायची, गे मित्र टाळायचे. म्हणजे ज्यांच्यापाशी मोकळे होता येते, नेमके तेच आधी सुटतात.

डावखुऱ्या मुलाला पंगतीत सक्तीने उजव्या हाताने जेवायला लावले, तर त्याचे सगळे लक्ष हातावर राहते. शेजारच्याशी गप्पा कुठून होणार? इथेही चालणे, बोलणे, हसणे यांवर स्वतःचाच पहारा बसतो. मित्रांना वाटते, हा तुसडा झाला.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ही थेरपी व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. मात्र याचा अर्थ समुपदेशनच नको, असा नव्हे. कल बदलण्याचा आग्रह न धरता ताण, एकटेपणा किंवा घरच्यांशी संवाद यांवर मदत जरूर घेता येते.