पंखा खोली नव्हे, माणसाला गारवा देतो

मुंबई, प्रतिनिधी – उन्हाळा लागताच घरोघरी छताचे पंखे अहोरात्र फिरू लागतात. मात्र पंख्यामुळे खोलीचे तापमान कमी होत नाही. वाऱ्याने अंगावरील घाम लवकर वाळतो आणि गारवा जाणवतो, एवढेच. साहजिकच रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा केवळ वीजबिल वाढवितो.

जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ‘बीएलडीसी’ मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास वापर धरल्यास तीन पंख्यांच्या घरात महिन्याला सुमारे ४८ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ‘स्टार लेबल’ सक्तीचे झाले आहे. त्यामुळे खरेदीवेळी किमतीइतकेच तारेही पाहावेत.

एसी असल्यास तो २६ अंशांवर ठेवून पंखा मंद गतीने चालवावा. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

विदर्भात पारा ४५ अंशांवर गेल्यावर मात्र पंखा उष्ण वाराच अंगावर आणतो. अशा वेळी कूलर, ओले कापड आणि भरपूर पाणी यांची जोड हवीच. वृद्ध व लहान मुलांना केवळ पंख्याच्या भरवशावर ठेवणे उष्माघाताला निमंत्रण ठरू शकते.