चूक गव्हाची नव्हे, ओळखण्याची

सिलिअ‍ॅक आजार म्हणजे ‘गहू न पचणं’, एवढंच मानलं तर खरी गोष्ट निसटते. गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन कुणाच्याच आतड्यात पूर्ण पचत नाही. त्याचे काही तुकडे उरतातच. बहुतेकांची प्रतिकारयंत्रणा त्यांना अन्न म्हणून सोडून देते. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा जनुकीय वारसा असलेल्या काहींच्या लहान आतड्यात मात्र ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्या तुकड्यांत किंचित बदल करतं, बदललेला तुकडा त्याच जनुकांनी घडवलेल्या डीक्यू रेणूच्या खाचेत घट्ट बसतो आणि प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशी त्याला शत्रू समजतात. या हल्ल्यात आतड्याच्या अस्तरावरचे मखमली अंकुर झिजतात. मग लोह शोषलं जात नाही, मुलांची वाढ खुंटते.

कुणी विचारेल, दोष जनुकांचा असेल तर ती असणारे सगळेच आजारी का पडत नाहीत? कारण जनुकं फक्त शक्यता देतात. ती असलेल्यांपैकी थोड्यांनाच हा आजार होतो. म्हणूनच सगळ्यांनी गहू सोडण्यात अर्थ नाही. उलट, रक्ततपासणीआधीच तो सोडला तर तपासणीत शोधली जाणारी प्रतिपिंडं घटतात आणि निदान हुकतं. मात्र निदान झाल्यावर ‘चिमूटभरानं काय होतंय?’ हा आग्रह घातक ठरतो, कारण प्रतिकारयंत्रणेची स्मृती पक्की असते. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी चालते. पण फोडणीतल्या हिंगाच्या डबीवर ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं नाही ना, हे वाचायलाच हवं.