हनिमूनला नेलेला थर्मामीटर

आमच्या लॅबमधल्या एका मित्राचं नुकतंच लग्न झालं. दोघंही पाठीवर सॅक टाकून तीन आठवडे व्हिएतनाम भटकायला निघाले. रजेच्या अर्जावर सही करताना सरांनी त्याला विचारलं, "सँपलिंग किट घेतलंस ना रे?" आम्ही सगळे हसलो. पण विज्ञानाच्या इतिहासात एक माणूस असा होऊन गेला, ज्याच्याबद्दल हे खरोखर सांगितलं जातं. तो म्हणजे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, ज्याच्या नावाचं एकक आपण आठवीपासून वापरतो.

ही गोष्ट बहुतेक जण गंमत म्हणून सांगतात. पण जे पीएचडीची तयारी करताहेत, प्रपोजल लिहिताहेत, त्यांनी ती जरा सावकाश वाचावी. प्रयोग ठरवण्यापूर्वी काय विचार करायचा असतो, ते तिच्यातून फार छान कळतं.

गोष्ट अशी आहे

साल १८४७. ज्यूल २८ वर्षांचा, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा. मँचेस्टरजवळ घरची बिअरची भट्टी होती. कुठल्याही विद्यापीठात तो प्राध्यापक नव्हता. घरच्या पैशांवर आणि घरच्या प्रयोगशाळेत तो एकच गोष्ट सिद्ध करायच्या मागे होता: काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात, आणि त्यांचा हिशोब ठरलेला असतो. ठरावीक काम केलं की ठरावीक उष्णता मिळते, मग ते काम कोणत्याही पद्धतीने करा.

१८४३ मध्ये कॉर्कच्या परिषदेत त्याने हे मांडलं, पण कोणी फारशी दखल घेतली नाही. जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं गेलं. श्रोत्यांमध्ये ग्लासगोचा एक अगदी तरुण प्राध्यापक होता, विल्यम थॉमसन. हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. त्याला ज्यूलचं म्हणणं पूर्ण पटलं नाही, पण सोडूनही देता येईना.

ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि दोघं आल्प्समध्ये गेले. थॉमसनही त्याच भागात पायी हिंडत होता. मों ब्लांच्या परिसरातल्या रस्त्यावर त्याला समोरून ज्यूल चालत येताना दिसला. हातात लांबलचक थर्मामीटर आणि थोड्या अंतरावर घोडागाडीत बसलेली एक स्त्री. ज्यूलने सांगितलं, लग्न झालंय, आणि धबधब्याचं पाणी खाली पडल्यावर तापतं का ते बघायचंय. पुढे काही दिवसांनी दोघं मिळून सॅलांशचा धबधबा बघायला गेले. पण पाण्याचे इतके तुषार उडत होते की मोजमाप काही जमलं नाही.

धबधबाच का?

कल्पना साधी आहे. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते. ते खाली आपटलं की वेग जातो, मग ऊर्जा कुठे गेली? ज्यूलच्या मते ती उष्णता झाली. म्हणजे खालचं पाणी वरच्यापेक्षा किंचित गरम असायला हवं.

"किंचित" म्हणजे किती, हा खरा प्रश्न. हिशोब करू. १ किलो पाणी १०० मीटर खाली पडलं की गुरुत्वाकर्षण ९.८ गुणिले १००, म्हणजे ९८० ज्यूल काम करतं. १ किलो पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं ०.२३ अंश. शंभर मीटरच्या कड्याला पाव अंशसुद्धा नाही! एक पूर्ण अंश हवा असेल तर ४२७ मीटरचा धबधबा शोधावा लागेल.

ज्यूलने हा हिशोब आधीच केला होता. १८४५ च्या एका पत्रात त्याने लिहिलं होतं की ८१७ फूट पडलेलं पाणी १ अंश फॅरेनहाइटने तापेल, आणि नायगराचं पाणी १६० फूट पडून साधारण एक पंचमांश अंशाने. ही पद्धत लक्षात ठेवा. उपकरण उचलण्याआधी त्याने परिणाम किती मोठा असेल याचा अंदाज कागदावर काढला. आपल्यातले कितीतरी जण आधी इन्स्ट्रुमेंटचा स्लॉट बुक करतात आणि सिग्नल किती येईल याचा विचार डेटा हातात आल्यावर करतात. (मीही केलंय. दोन महिने गेले.)

मग बिघडलं कुठे?

इतका बारीक फरक वाचू शकणारे थर्मामीटर ज्यूलकडे होते. मँचेस्टरचा उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर त्याच्यासाठी बनवलेले. अडचण होती धबधब्यात.

पहिली अडचण बाष्पीभवनाची. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, किलोमागे सुमारे २४.५ लाख ज्यूल. आपल्या १ किलो पाण्याला पडण्यातून मिळालेत फक्त ९८०. भागाकार करून बघा: एका किलोतलं जेमतेम ०.४ ग्रॅम पाणी उडून गेलं तरी सगळी कमाई साफ! तुषार जितके बारीक, तितका पाण्याचा हवेशी संपर्क जास्त. पावसाळ्यात नाणेघाटात वाऱ्याने उलटा वर उडणारा धबधबा पाहिला असेल, तर तिथे "खाली पोहोचलेल्या पाण्याचं तापमान" मोजायला कुठलं पाणी घेणार, हा प्रश्न लगेच लक्षात येईल.

दुसरी अडचण हवेची. बारीक थेंब पडताना हवेचा विरोध इतका वाढतो की त्यांचा वेग वाढणं थांबतं. त्यानंतरची ऊर्जा हवेला घुसळण्यात जाते. म्हणजे तयार झालेली उष्णता एकट्या पाण्याकडे राहत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात धोकादायक वाटते. डोंगरात खाली उतरावं तशी हवा उबदार होते, साधारण दर १०० मीटरला ०.६ अंश. म्हणजे खालच्या डोहातलं पाणी तिथल्या हवेमुळेसुद्धा थोडं तापू शकतं, आणि तेही ज्यूलला हव्या असलेल्याच दिशेने! बाष्पीभवनामुळे निदान उत्तर उलटं आलं असतं आणि तो सावध झाला असता. इथे "बरोबर" उत्तर चुकीच्या कारणाने मिळालं असतं.

रिसर्चमध्ये अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल आपण दहा वेळा तपासतो. अपेक्षेप्रमाणे आलेला लगेच ग्राफमध्ये टाकतो. चूक तिथेच लपून बसते.

ज्यूलने पुढे काय केलं

त्याने धबधबाच घरात आणला. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात वल्ह्यांसारखी पाती असलेलं चक्र, चक्राला दोरी आणि दोरीला वजनं. वजनं खाली येतात, चक्र फिरतं, पाणी घुसळलं जातं आणि तापतं. हे उपकरण लग्नाआधीच तयार होतं. पुढची दोन-तीन वर्षं त्याने ते अधिकाधिक काटेकोर केलं.

आता धबधब्याशी तुलना करा. भांडं बंद, म्हणून तुषार नाहीत आणि बाष्पीभवन जवळपास नाही. वजन किती आणि किती उंचीवरून पडलं, दोन्ही मोजता येतं. एकदा पडून तापमान फारसं वाढत नाही, म्हणून एका प्रयोगात तीच वजनं २० वेळा वर नेऊन सोडली. तरीही वाढ मिळाली साधारण अर्धा अंश फॅरेनहाइट. आणि खोलीतल्या हवेमुळे पाणी किती तापतं किंवा थंड होतं, हे कळावं म्हणून तितकाच वेळ चक्र न फिरवता नुसतं भांडं ठेवूनही नोंदी घेतल्या. आज आपण याला कंट्रोल म्हणतो.

१८५० मध्ये छापलेल्या निबंधात त्याने आकडा दिला ७७२: १ पौंड पाणी १ अंश फॅरेनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड काम. आजचा स्वीकारलेला आकडा सुमारे ७७८ आहे. एक टक्क्याहूनही कमी फरक, तोही तळघरातल्या भांड्यात!

गोष्ट तरी खरी आहे का?

लिटरेचर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांसाठी हा भाग. थर्मामीटरचं हे चित्र आलं कुठून? थॉमसनने १८८२ मध्ये छापलेल्या आठवणीतून, म्हणजे भेटीनंतर ३५ वर्षांनी. त्यात तो म्हणतो की ही भेट ऑक्सफर्डनंतर साधारण पंधरवड्याने झाली. पण परिषद जूनमधली आणि लग्न ऑगस्टमधलं. तारखा जुळत नाहीत. ऑक्सफर्डबद्दलही दोघांचं एकमत नाही. ज्यूलच्या आठवणीत थॉमसनने सभेत उठून चर्चा सुरू केली. थॉमसन म्हणतो, मी उठलो नाही, सभा संपल्यावर भेटलो.

म्हणून सगळं खोटं ठरत नाही. भेट झाली असं मानायला हरकत नाही. पण "ज्यूलने अख्खा हनिमून धबधबे मोजण्यात घालवला" हे वाक्य पुस्तकांमधून फिरतं, ते मूळ आठवणीत नाही. तिथे एक भेट आणि एक धबधबा आहे. सायटेशन मूळ कागदापर्यंत जाऊन तपासा असं गाइड सांगतात, ते याचसाठी.

आणि गाडीतली ती स्त्री. थॉमसनच्या आठवणीत तिला नावही नाही. अमेलिया १८५४ मध्ये वारली, लग्नानंतर साधारण सात वर्षांनी. त्याच सुमाराला त्यांचं तान्हं बाळही गेलं. मागे दोन लहान मुलं राहिली. ज्यूलने पुन्हा लग्न केलं नाही. हे कळल्यापासून मला ही गोष्ट नुसती विनोद म्हणून सांगता येत नाही. त्या प्रवासाबद्दल अमेलियाला काय वाटलं असेल, हे या गोष्टीतून कधीच कळत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

जोगचा धबधबा २५३ मीटरचा आहे. पाणी किती तापायला हवं ते काढा (उत्तर ०.६ अंशाच्या जरा खाली यायला हवं). मग किती ग्रॅम बाष्पीभवनाने ते पुसलं जाईल तेही काढा. आणि मग आपल्या प्रपोजलकडे वळून तीन ओळी लिहा: माझा परिणाम अंदाजे किती मोठा आहे, तो झाकू शकणारी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, आणि तो नसतानाही आहे असं भासवू शकणारी कोणती.

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या.

मित्र परवा व्हिएतनामहून परत आला. थर्मामीटर नेला नव्हता. बायकोने सॅक स्वतः भरली होती म्हणे.