आश्रयगृहातील तरुण कुत्रे

मुंबई-पुण्यासारख्या शहरातील प्राण्यांच्या आश्रयगृहात सुट्टीच्या दिवशी जी कुटुंबे येतात, त्यांची पावले प्रथम कोठे वळतात हे तेथील सेवकांस पाठ झालेले असते. दोन महिन्यांची पिले जेथे ठेवलेली असतात तेथे मुलांची दाटी होते. कोणी टाकून दिलेले एखादे लॅब्रॅडॉर अथवा पॉमेरेनियन आले असेल, तर त्याच्या भोवती थोरांचा घोळका जमतो. शेजारच्या जाळीआड मात्र आठ-दहा महिन्यांचे, विटकरी रंगाचे, उभ्या कानांचे एखादे गावठी कुत्रे मागचे सारे अंग हलवीत उभे असते. माणूस जवळ येताच ते कान मागे पाडते, डोके खाली घालते, जाळीस अंग घासते. अनोळखी मुलाने बोट पुढे केले तर ते चाटते. लोक ‘गरीब आहे हो बिचारे’ असे म्हणतात आणि पुढे जातात. वास्तविक, घरात आणण्यास याहून सोयीचे जनावर त्या आवारात क्वचितच असेल. ते का, आणि त्यास घर मिळण्याची निकड इतरांहून अधिक का, हे समजून घेण्याजोगे आहे.

हा गरीब स्वभाव केवळ रक्तातून येत नाही. पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात ज्या ज्या प्राण्यांचा सहवास त्यास घडतो, ते ते प्राणी त्याला आपल्या गोतातले वाटू लागतात. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे फ्रीडमन, किंग व एलियट या तिघा संशोधकांनी याची परीक्षा पाहिली व तिचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध केला. कुंपणाच्या मोकळ्या आवारात त्यांनी काही पिले माणसांपासून दूर वाढविली, आणि निरनिराळ्या वयांत एकेका आठवड्यापुरती त्यांना माणसांच्या सहवासात आणले. जी पिले चौदा आठवड्यांची होईपर्यंत माणसापासून अगदी अलग राहिली, ती पुढे रानातल्या जनावराप्रमाणे माणसास बुजू लागली. अर्थात् जाळीआडून हात चाटणाऱ्या कुत्र्यास त्याच्या बालपणी कोणी तरी, मग तो चहावाला असो, रखवालदार असो की आश्रयगृहातील फरशी धुणारी बाई असो, हात लावलेला आहे. त्याच्याशी कोणी तरी बोललेले आहे.

आपल्याकडील रस्त्यांवरच्या कुत्र्यांविषयीही अशीच एक गोष्ट दिसून आली आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास वारंवार घातलेल्या खाऊपेक्षा डोक्यावरून वारंवार फिरविलेला हात अधिक उपयोगी पडतो. भाकरीच्या तुकड्यासाठीच कुत्रे शेपूट हलविते असा जो समज सर्वत्र आहे, तो यामुळे बराचसा लटका ठरतो.

परंतु हाच विश्वास रस्त्यावर त्याच्या जिवावर बेततो. याच संशोधकमंडळींनी बंगालमध्ये ९५ वेतांतील ३६४ पिलांवर लक्ष ठेवले होते. त्यांपैकी सात महिन्यांची होईपर्यंत अवघी १९ टक्के पिले जगली. जी मेली, त्यांतील ६३ टक्क्यांच्या मृत्यूस या ना त्या रीतीने माणूस कारण झाला होता; कोणी वाहनाखाली सापडले, कोणी मारले गेले, कोणास विष मिळाले. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यास माणसाच्या हातातील काठी व काठी नसलेला हात यांतला फरक अजून कळत नाही, असे कुत्रे अशा जगात किती दिवस निभावणार? शिवाय प्रत्येक गल्लीत कुत्र्यांची वस्ती आधीच ठरलेली असते. लहानपणी अपघात होऊन जे रुग्णालयात आले आणि तेथेच वाढले, त्यास स्वतःची अशी गल्लीच उरत नाही. परक्या गल्लीत सोडले तर तेथील कुत्री त्यास फाडून काढावयास मागेपुढे पाहात नाहीत.

येथे आश्रयगृह म्हणजे काय हेही थोडे स्पष्ट केले पाहिजे, कारण ते कुत्र्यांचे कायमचे घर आहे अशी अनेकांची समजूत असते. मुंबईत या विषयास जुना इतिहास आहे. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी हुकुमाने मोकाट कुत्री मारण्याचे काम चालले असता पारशी मंडळी खवळून उठली. त्यांनी दुकाने बंद पाडली आणि किल्ल्यात जाणारी रसद अडविली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली, आणि परळचे बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय तिचेच होय. पांजरपोळात जनावर मरेपर्यंत पोसावयाचे अशी कल्पना होती. आजच्या आश्रयगृहाचे काम वेगळे आहे. २००१ सालच्या आणि आता त्यांच्या जागी आलेल्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणे रस्त्यावरील कुत्र्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करावयाची, त्यास पिसाळरोगाची लस टोचावयाची, खूण म्हणून कानाला लहानशी खाच पाडावयाची आणि जेथून आणले तेथेच परत सोडावयाचे, असा सामान्य क्रम आहे. म्हणजे बहुतेक कुत्री येतात व जातात. मागे राहतात ती परत पाठविता न येणारी. त्यांत म्हातारी, लंगडी, आंधळी यांच्याबरोबर आपले हे तरुण, धडधाकट, फाजील विश्वासू कुत्रेही असते.

आणि तेथील दिवस त्यास मानवत नाहीत. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आश्रयगृहात आल्यावर पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील ताणाचे निदर्शक असे द्रव्य घरातल्या कुत्र्यांच्या मानाने पुष्कळ वाढलेले आढळले. सेवक कितीही प्रेमळ असला तरी एका माणसाच्या वाट्यास वीस-पंचवीस जनावरे आली म्हणजे प्रत्येकास किती मिनिटे मिळणार? चोहोकडे सतत भुंकणे चाललेले असते. काही कुत्री एकाच जागी गिरक्या घेऊ लागतात, काही जाळीवर उड्या मारतात, काही कोपऱ्यात तोंड घालून पडून राहतात. मग पाहावयास आलेल्या कुटुंबास ते ‘उपद्व्यापी’ किंवा ‘आजारी’ दिसते आणि त्याचे घर आणखी लांबते.

वर्षाच्या आतबाहेरचे कुत्रे आता काय शिकणार, हा आक्षेप हटकून निघतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण ज्याने काढली त्याने कुत्रे पाळले नसावे. दोन महिन्यांच्या पिलास मूत्राचा वेग आवरण्याची शक्तीच नसते; दहा महिन्यांच्या कुत्र्यास ती असते. जेवल्यावर, झोपेतून उठल्यावर व खेळ झाल्यावर लगेच बाहेर नेले आणि बाहेर विधी उरकताच शाबासकी दिली, तर ते घराची रीत पिलापेक्षा लवकर उचलते. त्याचे पक्के बेचाळीस दात सात महिन्यांच्या सुमारास येऊन गेलेले असतात, म्हणून चपला व टेबलाचे पाय कुरतडण्याचा हंगामही बहुतांशी सरलेला असतो. त्याची उंची व स्वभाव डोळ्यांस दिसत असतो. पिलाच्या बाबतीत हे दोन्ही अंदाजावर सोडावे लागते. शिवाय गावठी कुत्र्याची आखूड लव आपल्या उन्हास सोसते. सायबेरियातील दाट केसांचे हस्की आणून पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर वैशाखात ठेवावयाचे, ही हौस मालकाची असते आणि धाप कुत्र्यास लागते.

जेवणाचेही फार अवडंबर नको. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या अंगी पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक आली आहे. भाकरी-भात त्यास चालतो. मात्र त्याबरोबर अंडी, मांस किंवा तत्सम बलवर्धक अन्न हवे. कांदा-लसणाची आमटी, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट ही मुळीच देऊ नयेत. ती त्यास विषासारखी आहेत.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते पलंगाखाली बसून राहील, कदाचित् खाणारही नाही. या काळात शेजारपाजाऱ्यांस बोलावून त्याचे प्रदर्शन मांडू नये. एक कोपरा, एक अंथरूण, पाण्याचे भांडे व ठरलेल्या वेळा एवढे पुरे. दोन-तीन आठवड्यांत त्यास घरातील माणसांचे येणेजाणे कळू लागते. पूर्ण रुळावयास सुमारे तीन महिने लागतात. घाईने परत पाठविलेली पुष्कळ कुत्री केवळ हा अवधी न मिळाल्यामुळे परत गेलेली असतात.

खर्चाचा विचार आधीच केलेला बरा. असे कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगते. आज चौथीत असलेल्या मुलाचे शिक्षण संपेल, तरी ते दाराशी असेल. पिसाळरोगाची लस दरवर्षी, इतर रोगांच्या लसी वैद्याच्या सल्ल्याने व महानगरपालिकेचा परवाना वेळेवर हवा. चुकून दात किंवा नख लागले तर कुत्रे कितीही गरीब असले तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. गृहरचना संस्थेच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवल्यास जिन्यातील तंटे वाचतात. एरवी दत्ताच्या तसबिरीतील कुत्र्यांपुढे हात जोडणारे गृहस्थही जिन्यात भेटलेल्या कुत्र्यास ‘हाड्’ म्हणतातच.

दिल्लीच्या मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कुत्रे दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली, परंतु ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. आश्रयगृहेही लेखी हमी घेतात ती याच धोरणाने. कित्येक ठिकाणी आधी आठ-पंधरा दिवस कुत्रे घरी नेऊन पाहण्याची मुभा असते. ज्या घरी सर्वांचे एकमत नाही, त्यांनी ती अवश्य घ्यावी. आणि जमलेच नाही तर कुत्रे त्याच आश्रयगृहात आणून पोहोचवावे. त्या पंधरा दिवसांत ते कोठे झोपते, कशास भिते, मुलांशी कसे वागते हे जे कळले असेल, ते तेथील सेवकास नीट सांगावे. पुढच्या घरास त्याचा उपयोग होतो.