'द वारली रिव्होल्ट': रॅपमध्ये आरेचं जंगल कसं आलं?

आरे हे जंगल आहे की सरकारी जमीन? २०१९ मध्ये मुंबईतला सगळा वाद या एका प्रश्नावर येऊन थांबला होता. त्याच वर्षी 'स्वदेसी' या मुंबईच्या हिप-हॉप ग्रुपचं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं. त्यात रॅपच्या जोडीला आवाज आहे प्रकाश भोईर यांचा. भोईर आरेतल्याच केलटीपाड्याचे आदिवासी कलाकार.

पर्यावरणावरची गाणी बहुतेक वेळा 'झाडे लावा'च्या पलीकडे जात नाहीत. हे गाणं वेगळं ठरतं, कारण इथे जंगलावर जंगलातलाच माणूस बोलतो. आरे म्हटलं की शहराला दूध कॉलनी आठवते. पण तिथे आदिवासींचे पाडेही आहेत, त्यांची शेती आहे आणि वाघोबासारखे देव आहेत. म्हणजे प्रश्न फक्त झाडांचा नाही, घराचाही आहे. गाण्याचं नाव वाचून १९४५चा वारल्यांचा उठाव आठवतो. डहाणू-तलासरी भागात वेठबिगारीविरुद्ध झालेल्या त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे.

मग आरेचं पुढे काय झालं? मेट्रो-३च्या कारशेडविरोधातल्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालू झाल्या. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती.

पुढचा प्रवास सरकारं बदलतील तसा वळत गेला. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायची घोषणा झाली आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं. २०२२ मध्ये नव्या सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणलं.

मेट्रोची गरज नव्हती, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. लोकलच्या दाराला लटकून जाणाऱ्याला ती हवीच होती. वाद होता तो कारशेडच्या जागेचा, आणि ती जागा ठरवताना पाड्यांना कुणी विचारलं का, याचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावू लागली. आता 'आरे' हे एका स्टेशनचंही नाव आहे.