छोटी होडी, खारं पाणी – भाग 6 : पडदा मोठा की नकाशा खरा?

फिशफाइंडरला पुढचं काहीच दिसत नाही. होडीच्या पोटाखाली या क्षणी काय आहे तेवढंच त्याला कळतं, आणि तेही आपल्याला पडद्यावर दिसेपर्यंत मागे पडलेलं असतं. गेल्या आठवड्यात बॅटरी आणि वायरिंग संपवल्यावर बऱ्याच वाचकांनी विचारलं की एवढी वीज जोडून घेतली, आता तिच्यावर फिशफाइंडर कोणता लावायचा. त्या प्रश्नाआधी हे एक वाक्य पक्कं डोक्यात बसवा.

हिशोब सोपा आहे. होडी 20 नॉट वेगाने पळते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा मीटर. पडद्यावर खोलीचा आकडा आठवरून दोनवर आला, तुम्ही तो पाहिला, हात थ्रॉटलकडे गेला; तोवर होडी वीस-तीस मीटर पुढे सरकली. चिखलाचा तळ हळूहळू वर येतो, तिथे एवढा अवधी पुरतो. कोकणातला खडक असा सवड देऊन वर येत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली स्पीडबोट मुंबईच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. पुढे काय आहे हे सांगण्याचं काम नकाशाचं, म्हणजे चार्टप्लॉटरचं. आज दोन्ही एकाच डब्यात मिळतात म्हणून दोघांना एकच यंत्र समजण्याची चूक होते आणि खरेदीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी खाली पाहणारा भाऊ घेऊ. जपानमधल्या नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये मासे शोधणारं पहिलं व्यवहारी यंत्र बाजारात आणलं. तत्त्व तेव्हा जे होतं तेच आजही आहे. होडीच्या तळाशी किंवा मागच्या फळीवर बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. तळ 15 मीटरवर असेल तर ठोका जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. त्या वेळेवरून खोली कळते, आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून तळ चिखलाचा की खडकाचा हे ओळखता येतं. मऊ चिखल आवाज गिळतो, त्यामुळे तळाची रेघ बारीक आणि फिकी उमटते. खडकावर ती जाड आणि ठळक येते. कधी दुप्पट खोलीवर तिची दुसरी छायाही दिसते, कारण आवाज होडीच्या तळावर आपटून पुन्हा एकदा खाली जाऊन आलेला असतो. तांबोशी, गोबरा यांच्यासाठी खडप शोधणाऱ्याला पडद्यावरच्या माशांच्या चित्रांपेक्षा ही जाड रेघ जास्त उपयोगी.

ती माशांची चित्रं तर सेटिंगमध्ये जाऊन बंदच करा. पाण्यात लटकलेला प्रत्येक प्रतिध्वनी यंत्र मासा म्हणून रंगवतं: बुडबुडे, वाहून आलेलं शेवाळ, जाळ्याचा तुकडा, सगळं. कच्चा प्रतिध्वनी वाचायला थोडी सवय लागते, पण तो खोटं बोलत नाही. आणि तो वाचताना एक गोष्ट ठाऊक असावी. यंत्राला प्रामुख्याने ऐकू येते ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी. मांस आणि पाणी यांच्यात आवाजाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. हवा आणि पाणी यांच्यात मात्र प्रचंड असतो. घोळीची जी पिशवी बाजारात सोन्याच्या भावाने जाते, तीच तिला पडद्यावर जाड कमानीसारखी उठून दाखवते. सुरमईला ही पिशवीच नसते, मुशीलाही नसते. त्यामुळे ज्या सुरमईसाठी आपण पहाटे चारला उठून निघतो, ती पडद्यावर फिकी रेघ म्हणून येते किंवा येतच नाही. सुरमई शोधायची तर पडद्यावर तारलीचा दाट थवा शोधा आणि त्याच्या कडेने गळ ओढा. थवा मध्येच फाटलेला, दबलेला दिसला तर खाली कोणीतरी जेवायला आलं आहे असं समजावं.

आता कंपनसंख्या. जाहिरातीत 50, 83, 200 किलोहर्ट्झ असे आकडे असतात आणि त्यापुढे ‘600 मीटरपर्यंत’ वगैरे दावे. कमी आकड्याचा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो. जास्त आकड्याचा उथळ पाण्यात बारकावे दाखवतो. झोत टॉर्चसारखा पसरत जातो. कोन 20 अंशांचा असेल तर 10 मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटरचं वर्तुळ दिसतं, 40 अंशांचा असेल तर सुमारे सात मीटरचं. आपल्याकडचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून दहा-पंधरा सागरी मैल बाहेर गेलात तरी पाणी बहुधा 30-40 मीटरच्या आतबाहेर राहतं, आणि छोट्या हौशी होडीने त्यापलीकडे जाऊही नये. तेव्हा 600 मीटरची क्षमता आपल्यासाठी फुकट आहे. 200 किलोहर्ट्झ किंवा त्याच्या आसपास काम करणारा चर्प सोनार पुरेसा आहे. चर्प म्हणजे एकाच कंपनसंख्येचा ठोका न सोडता चढत्या कंपनसंख्यांचा पट्टा सोडणं. त्यामुळे तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा ओळखता येतो. मुंबई बंदराच्या गाळात मात्र एक गंमत होते. 200 चा आवाज पातळ गाळाच्या वरच्या थरावरूनच परत फिरतो, 50 चा त्यातून खाली घट्ट तळापर्यंत जातो. एकाच जागी दोन आकडे आले तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

दोन्ही बाजूंना पाहणारा साइड सोनार खाडीत, संथ पाण्यात, बुडालेली झाडं आणि दगड शोधायला झकास. उघड्या समुद्रात लाटांवर होडी डुलली की चित्र वाकडंतिकडं होतं. मासा हलताना प्रत्यक्ष दाखवणारा लाइव्ह सोनार सोळा फुटी होडीवर लावणं म्हणजे मला तरी हौसेचा अतिरेक वाटतो.

कोणतंही यंत्र घ्या, त्याचं नशीब ट्रान्सड्यूसर कुठे बसवला यावर ठरतं. पाण्यातले बुडबुडे हा त्याचा शत्रू. बहुतेक आउटबोर्डचा पंखा मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे उजव्या बाजूला त्याची पाती वरून खाली येतात आणि तिथे बुडबुडे कमी असतात. म्हणून मागच्या फळीवर उजवीकडे, पंख्यापासून निदान 38 सेंटिमीटर दूर, फायबरच्या होडीत तळाच्या पातळीच्या साधारण 3 मिलिमीटर खाली. ही होडीबांधणीची नव्हे, संयमाची बाब आहे: आधी तात्पुरतं बसवा, वेगात चालवून बघा, मग भोकं पाडा. एकसंध फायबरच्या तळातून आतल्या आतही सोनार चालवता येतो. लाकडी किंवा मध्ये फोम भरलेल्या तळातून तो चालत नाही. थांबल्यावर स्वच्छ चित्र आणि वेग घेतल्यावर नुसता पाऊस, अशी तक्रार असेल तर दोष यंत्राचा नव्हे, जागेचा समजावा.

आता पुढचं सांगणाऱ्याकडे. इथे पहिला सापळा असा की जीपीएस असलेलं प्रत्येक यंत्र चार्टप्लॉटर नसतं. गार्मिनची स्ट्रायकर मालिका घ्या: तिच्यात जीपीएस आहे, जागा खुणावून ठेवता येतात, पण सागरी नकाशा लावायची सोय नाही. कोऱ्या पडद्यावर तुमची होडी आणि तुमच्या खुणा, एवढंच. खाडीत गळ टाकणाऱ्याला ते चालेल, मालवणच्या खडकांत शिरणाऱ्याला नाही. दुसरा सापळा अमेरिकेतल्या भाच्याने सुटीला येताना आणलेलं यंत्र. आत भरलेले नकाशे तिकडच्या तळ्यांचे आणि किनाऱ्यांचे असतात. इकडे सुरू केलं की कोकण म्हणजे पिवळा डाग आणि निळा डाग. भारताच्या किनाऱ्याचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि ते त्याच यंत्रात चालणारं हवं. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालेलच असं नाही. म्हणून आधी कार्ड ठरवा, मग डबा.

कार्डावरचं बहुतेक ज्ञान मुळात सरकारी सर्वेक्षणांतून आलेलं असतं. आपल्याकडे हे काम देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. ते नौदलाच्या अखत्यारीत आहे आणि त्याचं मूळ 1874 मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सागरी सर्वेक्षण खात्यात आहे. म्हणजे एखाद्या आडबाजूच्या खडकाची जागा उपग्रह नव्हते त्या काळात मोजलेली असू शकते. तुमचं जीपीएस होडीची जागा काही मीटरांच्या अचूकतेने सांगतं. खडकाची जागा तितकीच अचूक असेल याची हमी ते देत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती किंवा वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ नकाशावरच्या खडकाला घासून जाण्यात काही शौर्य नाही. मोकळं पाणी ठेवा.

नकाशावरचे खोलीचे आकडे जवळजवळ सर्वांत नीच ओहोटीला धरून दिलेले असतात. आकडा 1.2 असेल आणि त्या वेळी भरतीने 2 मीटर पाणी चढलेलं असेल, तर प्रत्यक्षात 3.2 मीटर मिळेल. अधोरेखित आकडा मात्र उलटा वाचायचा: ती जागा ओहोटीला तितकी उघडी पडते. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, गोव्याकडे तो साधारण निम्म्यावर येतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारी माणसं अजून प्रत्येक बंदरावर आहेत. प्लॉटरमधली भरतीची तक्ती त्यांच्याशी ताडून बघा. आणि तुमचा तांडेल वावात बोलत असेल तर यंत्रात खोली फॅदममध्येही लावता येते. दोघे एकाच मापात बोललेले बरे.

झूमचा धोका यापेक्षा मोठा. नकाशा लहान करून पाहिला की यंत्र पडदा मोकळा ठेवण्यासाठी बारीक तपशील गाळतं, आणि गाळलेल्या तपशिलात खडक असू शकतो. 29 नोव्हेंबर 2014 रोजी जगप्रदक्षिणेच्या व्होल्वो शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर पूर्ण वेगात चढली. व्यावसायिक नाविक, उत्तम यंत्रं. पण त्या पट्ट्याचा नकाशा पुरेसा मोठा करून कोणी पाहिला नव्हता. नऊही जण वाचले. निघण्याआधी जायच्या वाटेवर बोट फिरवत नकाशा मोठा करून पूर्ण पाहणं, हे दहा मिनिटांचं काम आहे.

खाडीच्या मुखांबद्दल कोणत्याही कार्डावर विसंबू नका. पावसाळ्यात नदी वाळू आणते, लाटा ती हलवतात, आणि ऑगस्टमध्ये तिथलं पाणी मे महिन्यातलं राहिलेलं नसतं. इथे यंत्राची एक खरंच उपयोगी सोय आहे: चालता चालता खोली नोंदवून स्वतःचा नकाशा काढणं. गार्मिनमध्ये तिला क्विकड्रॉ म्हणतात, लोरन्समध्ये जेनेसिस, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट. कोयना किंवा उजनीच्या पाण्यावर फिरणाऱ्यांना तर हाच आधार, कारण या जलाशयांच्या तळाचे नकाशे कार्डावर मिळण्याची आशा कमी. फक्त खाडीत सगळी मापं भरतीच्या एकाच टप्प्याला घ्या, नाहीतर सकाळची आणि दुपारची खोली जुळणार नाही. धरणात पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे उतरते, तिथे नोंदीला तारीख लावा.

हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती अक्षांश-रेखांशांसह देते. ते आकडे प्लॉटरमध्ये भरताना मांडणी बघा. 3 मिनिटं 30 सेकंद आणि 3.30 मिनिटं एक नव्हेत. अक्षांशात एवढ्या गफलतीने तुम्ही सुमारे 370 मीटर चुकता.

पडद्याबद्दल थोडक्यात. नकाशा आणि सोनार शेजारी-शेजारी पाहायचे तर सात इंचांखाली जाऊ नका, नऊपेक्षा मोठ्याची छोट्या होडीला गरज नाही. ओल्या, खारट बोटांना टच दाद देत नाही, म्हणून बटणं असलेलं बरं. भर दुपारी, पोलराइज्ड गॉगल घालून पडदा दिसतो का ते तपासा. माणूस पाण्यात पडला तर दाबायचं बटण कुठे आहे हे होडीवरच्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आणि परदेशातून यंत्रासोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं खिशातलं उपकरण मागवणार असाल तर थांबा: परवान्याशिवाय ते बाळगल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकही अडचणीत आले आहेत.

माझं मत सरळ आहे. खर्चाचा क्रम नकाशा, ट्रान्सड्यूसर, मग पडदा. नारळी पौर्णिमेआधी खरेदी करणार असाल तर दुकानदाराला भारताचं कार्ड घालून तुमच्याच खाडीचं मुख मोठं करून दाखवायला सांगा. त्याला ते दाखवता आलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या. पुढच्या आठवड्यात व्हीएचएफ रेडिओ आणि 16 नंबरचं चॅनेल.